उजव्या हातातलं घड्याळ

"दुसरं दाखवा," हे म्हणाले आणि घड्याळ त्यांनी मखमलीच्या ट्रेमध्ये परत ठेवलं.

वाजले किती, काटे कसे, आकडे कसे, काही पाहिलं नाही. पालथं केलं, बटाटे तोलावेत तसं तळहातावर वरखाली केलं, आणि दिलं परत. असं बऱ्याच घड्याळांचं झालं होतं. मी बाजूच्या स्टुलावर पर्स मांडीवर धरून बसले होते आणि डोळ्यात तेल घालून बघत होते.

घड्याळवाला सोशीक होता. "काका, असं करू या. तुम्हाला काय हवंय ते एकदा सांगून टाका. सेलचं की चावीचं? चामड्याचा पट्टा की चेन?"

"साधं पाहिजे. जुन्या वळणाचं. पांढरी तबकडी, बारीक काटे. चकचकाट नको. आणि खिशाला झेपेल असं."

"अहो, मग तेच तर दाखवलं मघाशी!"

"ते नको."

"का नको?" मी विचारलं.

"असंच," हे म्हणाले.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आमच्या ह्यांना 'असंच' काही नसतं. हे पाट्या रंगवतात. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. छापील फलकांचा सुळसुळाट झाला तेव्हा ह्यांच्या जोडीचे सगळे रंगारी दुसऱ्या धंद्याला लागले, हे मात्र शिडी आणि ब्रश सोडायला तयार नाहीत. अक्षरांच्या बाबतीत तर विचारू नका. ज्या हॉटेलच्या पाटीवर अक्षरं एकमेकांना धक्के देतात, तिथला चहा ह्यांना कडू लागतो. एकदा औषधाच्या बाटलीवरचे आकडे वाईट काढलेत म्हणून ह्यांनी खोकला अंगावर काढला होता. असा माणूस घड्याळाच्या दुकानात बसून तबकडीकडे बघत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा?

आणि अर्थ काढणं हेच माझं काम. मी मोठ्या दवाखान्यात कपड्यांच्या खोलीवर आहे. चादरी, अभ्रे, टॉवेल, डॉक्टरांचे झगे. धुलाईवाल्याकडून येतात ते मोजून घ्यायचे, वॉर्डात जातात ते मोजून द्यायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण माणूस बरा होऊन घरी जाताना दवाखान्याचा टॉवेल का घेऊन जातो, ते देवालाच ठाऊक. नर्सना विचारावं तर त्या आयांकडे बोट दाखवतात, आया धुलाईवाल्याकडे. सगळे साळसूद. इतकी वर्षं हे बघून माझा कुणावर विश्वास राहिलेला नाही. माझ्यामागे मला फौजदारबाई म्हणतात हे मला माहीत आहे. कोण कोण म्हणतं तेही माहीत आहे.

तर अशा बाईच्या नवऱ्याने एके सकाळी पाठमोरं उभं राहून म्हणावं, "एक घड्याळ घ्यावं म्हणतोय."

"कुणाला?"

"मला."

लग्न झाल्यापासून ह्यांच्या मनगटावर मी रंगाशिवाय काही पाहिलेलं नाही. घड्याळावर डाग पडतात म्हणून हे घड्याळ घालत नाहीत. वेळ हवी असली की शिडीवरून रस्त्यातल्या माणसाला हाक मारून विचारतात. आणि आता एकदम घड्याळ.

नुसतं घड्याळ असतं तर मी सोडूनही दिलं असतं. पण त्याआधी बरंच काही साचलं होतं. जन्मभर घरी दाढी करणारा माणूस न्हाव्याकडे जायला लागला होता, तोही एक दिवसाआड. बटणांचे चांगले शर्ट कपाटात पडले होते आणि डोक्यातून घालायचे दोन नवे शर्ट आणले होते, तरुण पोरं घालतात तसले. चहा अर्धाच कप मागायचे. का, तर म्हणे पोट सुटलंय. या वयात पोटाची काळजी! जेवायला माझ्याबरोबर बसणंही बंद. "तू घे, मला अजून भूक नाही."

आणि ते दोन शर्ट ज्या दुकानातून आले, ते एका शिवणवालीचं होतं. एकटी बाई, नवीनच दुकान टाकलेलं. तिची पाटी ह्यांनीच रंगवली. एवढीशी पाटी, फार तर एका दिवसाचं काम. हे रोज उठून तिकडेच. शेवटी मी वाट वाकडी करून त्या रस्त्याने गेले. पाटी अर्धीच होती, शिडी भिंतीला टेकलेली, आणि हे आत खुर्चीवर, समोर ती बाई पाण्याचा ग्लास घेऊन उभी.

मी मुलीला फोन केला. ती खो खो हसली. "आई, अगं बाबांना कोण घेणार? दहा पावलांवरून टर्पेंटाइनचा वास येतो त्यांना!"

"हसण्यावारी नेऊ नकोस."

"तू पण ना, घरातल्या माणसालाही चादरीसारखं उजेडात धरून बघतेस."

मी फोन ठेवला. तिला हसायला काय जातंय. तिचा संसार वेगळा. माझं घर म्हणजे हे एवढे एक. दिवसभर सगळ्या जगावर संशय घेऊन मी संध्याकाळी ज्या माणसासमोर निर्धास्त बसते, तोच जर माझ्यापासून काही लपवायला लागला, तर मी बसायचं कुठे? मला राग आला होता असं सगळ्यांना वाटलं असतं. मला भीती वाटत होती.

म्हणून म्हटलं, घड्याळ घ्यायला मीही येते. तेव्हा ह्यांचा चेहरा पडला. तेही मी टिपून घेतलं.

"हे बघा, काका," घड्याळवाल्याने आतल्या खणातून एक डबी काढली. "हे मी सगळ्यांना दाखवत नाही."

हे वाक्य तो सगळ्यांना ऐकवत असणार, यात मला शंका नव्हती. पण डबी उघडली आणि खरं सांगायचं तर मीही पुढे सरकले. सायीच्या रंगाची तबकडी, बारीक काळे आकडे, खाली सेकंदाचं वेगळं छोटं वर्तुळ. तपकिरी चामड्याचा पट्टा. कुठे अक्षर जास्तीचं नाही, कुठे लकाकी नाही.

ह्यांनी या वेळी तबकडीकडे पाहिलं. पाहतच राहिले. "अगं, चार बघ," मला म्हणाले. "चारच्या पोटात जागा किती सोडलीय बघ. आणि आठ. आठ काढायला जीव लागतो. हे कुणीतरी हाताने काढलं असणार आधी."

किती दिवसांनी ह्यांचा हा आवाज ऐकत होते. पण मी अशी विरघळणारी नव्हे. मी घड्याळवाल्याकडे वळले. "काच आहे की प्लास्टिक?"

"खरी काच, बाई. नख मारून बघा."

मी मारून पाहिलं. "पट्टा? आत पुठ्ठा नाही ना?"

"वास घ्या की."

मी वास घेतला. चामडंच होतं. "पाण्याचं काय?"

"हात धुतलेत, पावसाचे चार थेंब पडले, तर काही होत नाही. पोहायला नेऊ नका म्हणजे झालं."

"मग इतकं स्वस्त कसं?"

"यावर मोठं नाव नाही म्हणून. लोक नावाचे पैसे मोजतात. आतलं यंत्र चांगलं आहे, वर्षाची हमी लेखी देतो."

मी किंमत परत विचारली, परत तीच आली. शिवण पाहिली, बक्कल ओढून पाहिलं, कानाला लावलं. मला खोट सापडेना. खोट सापडली नाही की मी जास्तच अस्वस्थ होते.

ह्यांनी ते मनगटावर टेकवलं. उजव्या मनगटावर. हे डावरे नाहीत, मग उजव्या हातात घड्याळ कशाला? मी काही बोलायच्या आत त्यांनी ते काढूनही ठेवलं.

"हलकं आहे," हे म्हणाले.

"चांगलंच की मग! जुन्या वळणाची घड्याळं अशीच पातळ असतात, काका. हातात आहे हे कळतसुद्धा नाही."

"नको. ते दाखवा. कोपऱ्यातलं."

कोपऱ्यातलं म्हणजे काय सांगू! स्टीलचा गोळा. तबकडीत आणखी तीन तबकड्या, त्यातल्या दोन नुसत्या रंगवलेल्या. आकडे सुजल्यासारखे. ह्यांनी ते तळहातावर तोललं, परत उजव्या मनगटावर घातलं, आणि म्हणाले, "हे द्या."

"हे?" मी म्हटलं. "तुम्ही हे घालणार?"

"मजबूत आहे."

"आकडे पाहिलेत का त्याचे?"

"आकड्यांचं काय एवढं," आमचे हे म्हणाले.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ज्याने आकड्यांपायी खोकला अंगावर काढला, तो म्हणतो आकड्यांचं काय एवढं. म्हणजे घड्याळ ह्यांच्यासाठी नाहीच. मग कुणासाठी? आणि मला आठवलं, त्या शिवणवालीला थोरला मुलगा आहे. चांगला धिप्पाड. असल्या घड्याळावर त्याच्यासारखी पोरंच खूश होतात. आईला खूश करायचं तर मुलापासून सुरुवात करतात, एवढं तर मलाही कळतं.

"मला गरम होतंय," मी उठले. "मी बाहेर उभी राहते. तुमचं चालू द्या."

मी दारातून बाहेर पडले आणि दोन पावलं जाऊन काचेच्या कडेला थांबले. तिथे भिंतीवरची मोठी घड्याळं टांगलेली होती. त्यांच्या फटीतून काउंटर स्पष्ट दिसत होता. मी गेल्यावर हे फोन काढणार, तिला सांगणार की मिळालं, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

घड्याळवाला डबी आणायला आत गेला. ह्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि खिशात हात घातला. आला की फोन, मी म्हटलं.

फोन नव्हता. ब्रश होता. अक्षराच्या कडा काढायचा बारीक, कोरडा ब्रश.

ह्यांनी तो उजव्या हातात धरला आणि काउंटरच्या काचेवर वरून खाली एक रेघ ओढायला गेले. मनगटावर ते जड घड्याळ होतं. ब्रशचं टोक थरथरत खाली आलं. मग त्यांनी ते घड्याळ काढलं. काढताना दोनदा कडी सुटली. सायीच्या तबकडीचं घड्याळ मनगटावर नुसतं ठेवलं, आणि परत रेघ. या वेळी टोक नुसतं थरथरत नव्हतं, ते इकडून तिकडे जात होतं. ह्यांनी हात खाली घेतला. थोडे थांबले. परत ते जड घड्याळ चढवलं आणि परत रेघ ओढली, आणि हात पुन्हा थोडा शांत झाला. थोडाच.

मी दवाखान्यात नोकरी करते. असे हात मी पाहिले आहेत. चादर अंगावर ओढून घ्यायलासुद्धा त्यांना वेळ लागतो.

वस्तरा. बटणं. काठोकाठ भरलेला कप. माझ्यासमोर बसून तोंडापर्यंत न्यायचा घास. सगळा हिशेब एकदम जुळला आणि मला तो जुळायला नको होता. त्यापेक्षा ती शिवणवाली खरी निघाली असती तर बरं, असंही क्षणभर वाटलं. तिच्याशी निदान मला भांडता आलं असतं.

मी पदर नाही, रुमाल नाही, पर्सच्या बंदानेच डोळे पुसले आणि आत गेले. ब्रश खिशात गेला होता.

"बांधू ना, बाई?" घड्याळवाला डबी घेऊन आला होता.

"थांबा. ते मघाचं आणा. चामड्याच्या पट्ट्याचं."

"काकांना नकोय ते."

"आणा तर खरं. त्याचा पट्टा काढून चेन बसते का?"

"बसते. पण शोभायची नाही हो. हे नाजूक घड्याळ, त्याला चेन म्हणजे..."

"तुमच्याकडची सगळ्यात जड चेन कुठली?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी घड्याळवाल्याकडेच बघत राहिले. ह्यांच्याकडे पाहिलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

"एक आहे भरीव स्टीलची," तो आता मलाच संशयाने न्याहाळत होता. "पण ती कुणी घेत नाही. हात अवघडतो म्हणतात."

"तीच लावा."

"बाई, नंतर परत घेणार नाही मी. आधीच सांगतो."

"परत कोण देतंय? माप नीट घ्या. ढिली राहायला नको. आणि उजव्या हाताचं घ्या."

ह्यांनी उजवा हात उचलून काउंटरवर ठेवला, आणि डाव्याने तो वरून दाबून धरला. घड्याळवाला कड्या काढत बसला. त्याला काय वाटायचं ते वाटो.

रस्त्यावर आल्यावर मीच विचारलं, "कधीपासून?"

"झाले काही महिने."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तू दवाखान्यातली. तुला सांगितलं की दुसऱ्या दिवशी मी तुझ्या चादरीवर." हे हसायला गेले, पण जमलं नाही. "आणि शिडी बंद झाली असती."

"वजनाचं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. त्या शिवणवालीच्या पाटीला हात ऐकेचना. रोज काढायचो, रोज पुसायचो. एकदा वैतागून रंगाचा डबा मनगटाला अडकवून बघितला, तर जरा थांबला. ती बाई बिचारी रोज पाणी द्यायची. कुणाला बोलू नका म्हटलं, तर नाही बोलली."

बिचारी. ठीक आहे.

"मग मनगटाला एखादं वजन बांधायचं. घड्याळ कशाला?"

"वजन बांधून शिडीवर चढलो तर दहा जण विचारतील," हे म्हणाले. "घड्याळाला कोण काय विचारतंय? माणूस घालतो घड्याळ. आणि घालायचंच तर जरा बऱ्यापैकी, जुन्या माणसाला शोभेल असं असावं. पण ती सगळी हलकी निघाली."

"डॉक्टरांना दाखवायचं. मी नंबर लावते."

"दाखवू. सायकलवाल्याची पाटी घेतलीय, तेवढी होऊ दे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

सायकलवाल्याची पाटी दुकानाच्या कपाळावर, बरीच उंच होती. मी दुपारनंतर सुट्टी टाकून गेले आणि रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. हे माझं जुनं काम. शिडीवरच्या माणसाला इतक्या जवळून ओळ दिसत नाही, म्हणून मी लांबून बघायचं आणि कुठे काय हललंय ते सांगायचं. लग्नानंतर लगेच सुरू झालं हे. ह्यांच्या कामाला कुणी नावं ठेवलेली ह्यांना चालत नाहीत, मी ठेवलेली चालतात.

पहिलं अक्षर झालं. ते चांगलं होतं, मी तसं ओरडून सांगितलं. दुसऱ्या अक्षराला फार वेळ लागला. चेन उन्हात चमकत होती. शेवटी वरून आवाज आला, "बघ गं."

उजवी कड मधोमध हलली होती. थोडीशीच. रस्त्याने जाणाऱ्या कुणाच्या लक्षातही आली नसती. मी 'छान आहे' म्हटलं असतं तर हे पुढच्या अक्षराला लागले असते, आणि घरी येऊन चार घास सुखाने जेवले असते. तोंडाशी आलंही होतं.

"उजवी कड हललीय," मी ओरडले. "मध्ये."

ह्यांनी मान डोलावली. टर्पेंटाइनचं फडकं घेतलं आणि अक्षर पुसून टाकलं. परत काढलं. "आता?"

"कमी आहे. पण आहे."

सायकलवाला दुकानातून बाहेर आला. "राहू दे ना, बाई. झकास दिसतंय. एवढं कोण बघतंय?"

"मी बघते," मी म्हटलं.

ह्यांनी परत पुसलं. या वेळी लगेच ब्रश उचलला नाही. शिडीला छाती टेकून उभे राहिले, मनगट हात टेकवायच्या काठीवर ठेवलं, आणि तसेच थांबले. मला वाटलं, उतरतात आता. पण मग हात हलला, वरून खाली, सावकाश, एका दमात.

"बघ."

मी पाहिलं. एका जागेवरून पाहिलं, दोन पावलं सरकून पाहिलं. "सरळ आहे," मी म्हटलं.

"काय?"

"सरळ आहे!"

हे शिडीवरून मान वळवून माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मी ओळखते. 'टॉवेल माझ्याकडे नाही' म्हणणाऱ्या माणसाकडे मी तशी बघते. एवढ्या वर्षांत ह्यांनी माझ्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती. आता मी कीव करून खोटं बोलतेय, असं ह्यांना वाटत होतं.

बोलून पटलं नसतं. ब्रश डब्यात ठेवून हे उतरले, एकेक पायरी चाचपत, आणि दोन्हीकडची वाहनं बघून रस्ता ओलांडून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. वर पाहिलं. एक डोळा मिटून पाहिलं. कड सरळ होती.

दुपारभरात दोन अक्षरं झाली होती. पाच राहिली होती. पूर्वी एवढ्या वेळात हे अख्खी पाटी संपवून घरी येत.

"हे काढ जरा," हे म्हणाले आणि उजवा हात त्यांनी माझ्यापुढे धरला. मी चेनची कडी उघडली, घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं. वजन गेल्याबरोबर हात जोरात थरथरायला लागला. रस्त्याने माणसं येत-जात होती, सायकलवाला बघत होता. ह्यांनी हात मागे घेतला नाही. माझ्या हातात तसाच राहू दिला.